या आवारात टाकी लावण्यास सक्त मनाई आहे

"मॅडम, तुमी आमच्या पान्यावर काऊन उठल्या?"

मी गुडघे टेकून एका थडग्याची बाजू काथ्याच्या ब्रशनं साफ करत होते. वर पाहिलं तर बायांचा घोळका उभा. पुढे गुंफाबाई. या खालच्या वस्तीच्या ग्रामपंचायत मेंबर. पन्नाशीच्या, उंच, पदर कमरेला खोचलेला. मागच्या खेपेला यांनीच मला चहा पाजला होता. आज चहाची लक्षणं नव्हती.

"कोणत्या पाण्यावर?" मी विचारलं.

"बोर्ड तुमीच लावला ना?"

"हो, मीच."

"मंग झालं तं. मेलेल्या गोऱ्यायले तहान लागत नाई, मॅडम. आमाले लागते."

बोर्ड माझ्या पाठीमागेच होता. निळा पत्रा, पांढरी अक्षरं, लोखंडी पायांवर उभा. मी वळून पुन्हा वाचला. "या आवारात टाकी लावण्यास सक्त मनाई आहे." खाली खात्याचं नाव. मला त्यात पाण्याचा थेंबही दिसला नाही. मग एकदम दिसला आणि मी ब्रश खाली ठेवला.

आधी मी कोण ते सांगते. मी जुन्या दगडी बांधकामांची दुरुस्ती करते. मंदिरं, बारवा, वेशी, जे पडायला आलं असेल ते. माझं माहेर साखरखेर्ड्याचं, त्यामुळे जिल्ह्यातलं असं काम निघालं की खात्यातले आमचे साहेब मलाच पिटाळतात. हे गाव चिखलीच्या बाजूला आहे. नाव सांगत नाही, कारण सरपंच अजून तेच आहेत.

इंग्रजांच्या काळात इथं साहेबलोकांचा मुक्काम असायचा. हवा थंड म्हणून. त्यांनी एक लहानसं चर्च बांधलं, भोवती आवार केलं, आणि आवारात त्यांची माणसं पुरली. चर्चच्या आता चार भिंती उरल्यात. थडगी मात्र शाबूत आहेत. गावात त्या जागेला गोरस्थान म्हणतात. गोर म्हणजे कबर. गावाची समजूत अशी की गोऱ्यांचं म्हणून गोरस्थान. दोन्ही अर्थ बरोबरच बसतात, त्यामुळे त्यावरून कोणाचं भांडण झालेलं नाही.

यातली मोठी थडगी पेटीसारखी आहेत. चार फरश्या उभ्या करायच्या आणि वर एक जाड फरशी झाकणासारखी ठेवायची. आत काही नसतं. माणूस खाली जमिनीत असतो. इंग्लंडच्या खेड्यांत चर्चभोवती अशी थडगी असतात. इथल्या साहेबांनी तोच नमुना आपल्या पाथरवटांकडून काळ्या दगडात करून घेतला. पाथरवटांनी कोपऱ्यांत आपली कमळंही काढून दिली. साहेबांनी चालवून घेतलं असावं.

हे काम निघालं एका ईमेलमुळे. इंग्लंडमधल्या एका बाईंची खापरपणजीची बहीण इथं पुरलेली. बाई हिवाळ्यात पाहायला येणार होत्या. त्यांनी आपल्या गावच्या चर्चच्या आवाराचा फोटो पाठवला होता. गुडघाभर गवत, कललेले दगड, त्यांवर पिवळं-करडं दगडफूल. तेच दगडफूल, ज्याचं एक भावंड आपण काळ्या मसाल्यात घालतो. बाईंनी लिहिलं होतं, तुमच्याकडची थडगीही कृपा करून अशीच राहू द्या.

आमच्या साहेबांनी फोटो मोठा करून पाहिला.

"किती दुरवस्था! यांच्याकडे ग्रामपंचायत नसते का?"

"सर, त्यांना तसंच आवडतं."

"आवडत नसतं हो, बिचाऱ्यांचा नाइलाज असतो. आपण चकाचक करून दाखवू."

चकाचक करायचं काम गेलं सरपंच विठ्ठलरावांच्या साळ्याकडे, म्हणजे विठ्ठलरावांकडे. मी पहिल्यांदा साइटवर गेले तेव्हा एक गवंडी एका थडग्याची बाजू ठोकून काढत होता. दीड-दोनशे पावसाळे खाल्लेलं दगडाचं अंग गेलं आणि खालून करडा, कच्चा दगड निघाला. जुन्या दगडाची वरची कातडी ऊन-पाऊस सोसून घट्ट झालेली असते. ती सोलली की दगड पाणी पितो, फुगतो आणि पापुद्रे टाकतो. माणसाचं सालटं काढून त्याला गोरं केल्यासारखं आहे हे. मी त्या गवंड्याला हाकललं आणि बोर्ड लावायचं ठरवलं.

आता तो शब्द. दगड घडवायच्या पोलादी हत्याराला मराठीत टाकी म्हणतात. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण तरी सगळ्यांना पाठ आहे. माझ्या लहानपणी पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावायला माणूस यायचा. टक्‌ टक्‌ करून पाटा खरबरीत करून द्यायचा. मग घरोघरी मिक्सर आले. तो माणूस गेला आणि जाताना शब्दही घेऊन गेला. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

साहेब म्हणाले होते, "बोर्डावर 'चिझल' लिहा ना. सगळ्यांना कळतं."

मी म्हटलं, "सर, आपल्या भाषेत शब्द असताना चिझल काऊन?"

साहेब पुण्याचे. 'काऊन' ऐकलं की ते हसतात आणि सही करतात. त्यांनी हसून सही केली. वाक्य शुद्ध होतं. आजही शुद्ध आहे. आवारात दगडाशिवाय दुसरं होतं काय, की 'दगडाला' असा वेगळा शब्द घालावा?

दुसरं काय होतं ते गुंफाबाईंनी मला हात धरून दाखवलं. आवाराच्या पार टोकाला, जिथं एकही थडगं नाही, तिथं एक दगडी ओटा नवा बांधलेला होता. त्यावर पाण्याची टाकी बसायची होती. खालच्या वस्तीला नळ नाही. बाया गावाच्या दुसऱ्या अंगाच्या हापशीवरून पाणी आणतात आणि उन्हाळ्यात तिथं वरच्या आळीच्या बाया आधी भरतात. गुंफाबाई मेंबर झाल्या त्या या टाकीसाठीच. वस्तीच्या गल्ल्यांत हातगाडी वळत नाही, मग टाकी ठेवणार कुठे? जवळची उंच, मोकळी, सरकारी जागा म्हणजे हे गोरस्थान. पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवून त्यांनी ती मंजूर करून आणली. टाकी येऊन सरपंचांच्या गोठ्यात पडली होती. काळी, प्लॅस्टिकची.

"आन् तुमचा बोर्ड आला," गुंफाबाई म्हणाल्या. "सरपंच म्हने, आता तं सरकारनंच मनाई केली. टाकी वरच्या आळीत लावतो. सोमवारी ग्रामसभेत ठराव हाये."

"अहो, ही ती टाकी नाही. ही दगड फोडायची टाकी."

गुंफाबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"मॅडम, दगड फोडाच्या हत्याराले टाकी म्हनतात हे गावात कोनाले मालूम हाये?"

मी बायांकडे पाहिलं. एक म्हातारी म्हणाली, "माह्या सासूले मालूम व्हतं." सासू वारलेली होती.

मी तशीच सरपंचांकडे गेले. विठ्ठलराव म्हणजे गोड माणूस. तोंडात साखर, खिशात शिक्का. गावातला रस्ता अडवून त्यांनी गोठा बांधलाय, त्याच्या नोटिशीवर वैरण ठेवतात. त्या दिवशी मात्र त्यांना कायद्याचं भरतं आलं होतं.

"मॅडम, या बसा. तुमचा शब्द म्हंजे आमाले परमान."

"विठ्ठलराव, बोर्डावरची टाकी म्हणजे पाण्याची टाकी नव्हे."

"असं कसं जी? टाकी म्हंजे टाकी. मी लिव्हलेलं वाचतो, मनातलं कसं वाचू?"

"मग मी आता तोंडानं सांगते ना."

"तोंडी आदेशावर चाललो तं उद्या माह्यावर चौकशी लागन. तुमी बोर्ड काढा, आमी टाकी लावतो."

हे त्यांचं म्हणणं रास्त होतं. चोर रास्त बोलला की फार त्रास होतो. मी बाहेर येऊन साहेबांना फोन लावला.

"बोर्ड काढता येणार नाही," साहेब म्हणाले.

"सर, गैरसमज झालाय. वस्तीचं पाणी जाईल."

"बोर्ड काढला म्हणजे आपण टाकीला परवानगी दिली असा अर्थ होईल. तसा आपल्याला अधिकार नाही."

"मनाई करायचा तरी कुठे होता?"

"मनाई करायला अधिकार लागत नाही हो. परवानगी द्यायला लागतो." मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "काढू नका म्हणतोय. एखादा शब्द वाढवू नका असं मी काही म्हटलेलं नाही."

साहेब तसे वाईट नाहीत. नोकरीत टिकलेले आहेत, एवढंच.

मी पेंटरला निरोप धाडून गोरस्थानात परतले तर लांबूनच आवाज आला. टक्‌ टक्‌ टक्‌. हाकललेला गवंडी परत आला होता. या वेळी तो इंग्लंडच्या बाईंच्या त्या पूर्वजेच्या थडग्यावरच बसला होता. झाकणाच्या फरशीवर, उन्हाला पाठ करून. मी धावले. इतकी ओरडले की भिंतीवरची वानरं पळाली.

"बोर्ड वाचता येत नाही का तुले?"

गवंडी शांतपणे म्हणाला, "वाचला ना."

"मग?"

"मंग काय? पाह्य ना बाई, हाये का अठी कुठं टाकी?"

"हातात काय आहे तुझ्या?"

त्यानं हातातलं हत्यार उलटसुलट करून पाहिलं. "हे? हे तं छन्नी हाये."

मी फरशीवरचा भुगा हातानं बाजूला केला. पहिली ओळ गेली होती. त्या बाईचं नाव त्या ओळीत होतं. माझ्याकडे आधीचा फोटो होता, पण फोटो काढायला मी दगडांची दुरुस्ती करत नाही. मला रडू आलं. जे मी बंद करायला गेले ते राजरोस चालू होतं, आणि जे मी स्वप्नातही बंद केलं नसतं ते बंद पडलं होतं. एका शुद्ध वाक्यानं एवढं काम क्वचितच होतं.

गुंफाबाई मागोमाग आल्या होत्या. त्यांनी गवंड्याच्या हातातून छन्नी काढून घेतली आणि त्याला म्हणाल्या, "चाल, नींघ." मग फरशीपाशी उकिडव्या बसल्या.

"काय लिव्हलं व्हतं अठी?"

"नाव होतं तिचं."

"आन् हे खाली?"

खालच्या ओळी शाबूत होत्या. मी वाचून दाखवल्या. साहेबाची बायको. वय बावीस. इथं येऊन वर्षही झालं नव्हतं. पटकीनं गेली.

"पटकी म्हंजे?"

"कॉलरा. खराब पाण्यानं होतो."

गुंफाबाईंनी फरशीवरून तळहात फिरवला. "एवढुशी पोर," म्हणाल्या. "आन् आमी तिलेच शिव्या देऊन राह्यलो."

सोमवारपर्यंत पेंटरनं शब्द वाढवला. ओळीत जागा नव्हती, म्हणून 'आवारात' आणि 'टाकी' यांच्या मधे वर एक खूण करून 'दगडाला' असं बारीक अक्षरात लिहिलं. या आवारात दगडाला टाकी लावण्यास सक्त मनाई आहे. मी त्याचा फोटो घेऊन ग्रामसभेला गेले. मारुतीच्या पारासमोर सतरंज्या अंथरल्या होत्या. पुरुष पुढे, बाया मागे, सरपंच खुर्चीवर. मी फोटो दाखवला आणि आता तरी कळलं ना, अशा तोऱ्यात उभी राहिले.

विठ्ठलरावांनी चष्मा लावून शब्दन्‌शब्द वाचला.

"मॅडम, हे तं अजून कडक झालं."

"कसं काय?"

"टाकीचा ओटा कायचा हाये? दगडाचा. दगडाले टाकी लावाची नाई, असं तुमीच लिव्हलं."

लोक हसले. मी बोलायला लागले. टाकी, छन्नी, पाटा-वरवंटा, मिक्सर, देवपणाची म्हण, सगळं सांगितलं. मधेच माझा तोल गेला आणि माहेरची भाषा सुटली, तेव्हा लोकांनी जरा कान दिला, पण तेवढाच. टाकी म्हणजे टाकी, असं पुढच्या रांगेचं एकमत होतं. विठ्ठलराव ठराव वाचायला लागले. पाणी वस्तीच्या हातून जात होतं, तेही माझ्याच अक्षरांनी.

तेवढ्यात गुंफाबाई उठल्या.

"सरपंच, एक इच्यारू? तुमी भूतखेत मानता ना?"

"आता हे काय मधातच?"

"तुमच्या गाडीले दर अमोशाले लिंबू-मिरची दिसते, म्हून इच्यारलं."

"बरं, मानतो. मंग?"

"आमच्या वस्तीत नाई मानत. आमच्यात आत्मा-गित्मा नाई. आमी ते सारं कवाच सोडलं." गुंफाबाई अगदी सावकाश बोलत होत्या. "गोरस्थानातली ते बाई खराब पानी पेऊन मेली. बावीस वर्साची पोर. दगडावर लिव्हेल हाये. इच्यारा मॅडमले."

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "हो. लिहिलेलं आहे."

"तिच्या उशाशी चांगल्या पान्याची टाकी येऊन राह्यली व्हती. दगडी ओटाबी बांधून झाला. आता तुमी ते उचलून वरच्या आळीत नेऊन राह्यले. मंग ते पोर पानी प्याले कुठं जाईन? आमच्याकडं तं काई येत नाई, आमी मानतच नाई तिले. जे मानतात त्यायच्याच दारात जाईन ना?"

एवढं बोलून त्या खाली बसल्या. पुढच्या रांगेत कोणी हसलं नाही. वरच्या आळीच्या एक-दोघांनी मांडी बदलली. विठ्ठलराव म्हणाले, "असं काई नसते," पण ते कागदाकडे पाहून म्हणाले.

मागून बायांतून आवाज आला. सरपंचांच्या बायकोचा. "अवो, टाकी तठीच राहू द्या. लोखंडी स्टँडवर ठेवा, म्हंजे दगडाले बी लागनार नाई."

ठराव तसाच झाला. कायदा, भाषा, खातं आणि मी, सगळे मिळून जे करू शकलो नाही, ते भूत न मानणाऱ्या बाईनं भुताकडून करून घेतलं. मी विज्ञान शिकलेली बाई, पण त्या दिवशी मी आत्म्याविरुद्ध चकार शब्द काढला नाही. उलट बायांबरोबर जोरात टाळ्या वाजवल्या.

टाकी बसली त्या दिवशी मी साइटवरच होते. गुंफाबाईंनी पहिला हंडा भरला, पण घरी नेला नाही. तो घेऊन त्या त्या थडग्यापाशी आल्या आणि मला म्हणाल्या, "मॅडम, तुमी दगड पान्यानंच धुता ना? हे घ्या." अंधश्रद्धा नव्हती ती. मला ब्रशसाठी पाणी लागतं हे त्यांनी पाहून ठेवलं होतं. तरी माझे डोळे भरून आले.

हिवाळ्यात इंग्लंडच्या बाई आल्या. सत्तरीच्या, कापडी टोपी घातलेल्या, कमी बोलणाऱ्या. विठ्ठलरावांनी शाल-श्रीफळ दिलं आणि गोरस्थानाच्या कामात आपण जातीनं कसं लक्ष घातलं ते सांगितलं. बाई थडग्यापाशी गेल्या आणि नावाच्या जागची करडी पट्टी बोटांनी चाचपत राहिल्या. साहेब माझ्याकडे पाहू लागले, याचं इंग्रजी तुम्हीच करा, अशा नजरेनं. मी जे झालं ते सरळ सांगितलं आणि जुना फोटो त्यांच्या हातात दिला.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आमच्या गावच्या चर्चच्या कमिटीनं गवत कापायला सोपं जावं म्हणून एकदा निम्मे दगड उपटून भिंतीला टेकवून ठेवले. आता कोणाखाली कोण ते देवालाच ठाऊक. हे ऐकून मला फार बरं वाटलं. त्यांच्याकडेही ग्रामपंचायत असते तर.

मग त्या टाकीकडे गेल्या. बाया पाणी भरत होत्या. बाईंनी नळाखाली हात धुतले आणि वर पाहिलं. टाकीचं झाकण वानरांनी कधीच पळवलं होतं. त्या जागी माझा बोर्ड होता. पाय कापून, अक्षरं खालून दिसतील असा तिरपा टाकून, वर दगड ठेवलेला. टाकीला तो अगदी मापात बसला होता. या आवारात दगडाला टाकी लावण्यास सक्त मनाई आहे.

"काय लिहिलंय?" बाईंनी विचारलं.

"दगडाला छन्नी लावू नये," मी इंग्रजीत सांगितलं.

"मग ते पाण्याच्या टाकीवर का ठेवलंय?"

इंग्रजीत याला उत्तर नव्हतं. मी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी चर्चच्या भिंतीकडे पाहिलं.

"काय म्हनते ते?" गुंफाबाईंनी विचारलं.

"बोर्ड टाकीवर कशाला ठेवला, म्हणतात."

"सांगा ना मंग. टाकीचा बोर्ड टाकीवर."

मी ते भाषांतर करायच्या भानगडीत पडले नाही. बोर्डाचं वाक्य शुद्ध होतं, हे माझं मत अजून कायम आहे. पण हल्ली कुठल्याही साइटवर बोर्ड लावायच्या आधी मी तिथल्या बायांना एवढं विचारते, की इथं नळ किती दिवसांनी येतो. मजकूर मग ठरवते.